वेलीला व्हिसा लागला नाही

तासगावच्या द्राक्षाला युरोपात जायचं असेल तर काय काय लागतं, हे आता त्या भागातलं शाळकरी पोरही सांगेल. बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, ग्रेपनेटवर प्लॉटचा क्रमांक, प्रयोगशाळेचा रेसिड्यू रिपोर्ट, फायटो सर्टिफिकेट. मणी अठरा मिलिमीटरचा, गोडी सोळा ब्रिक्सच्या वर, देठ हिरवागार.

आता त्याच बागेच्या मालकाच्या चिरंजीवांना बागायतशास्त्राचं इंटरनॅशनल मास्टर्स करायला जर्मनीत जायचंय. त्यांना काय लागतं? आयईएलटीएसचे साडेसहा बँड. एपीएस नावाचं प्रमाणपत्र, म्हणजे तुमचे कागद खरे आहेत असं सांगणारा आणखी एक कागद. बोटांचे ठसे. आणि वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच एका खात्यात कोंडून ठेवायचे, म्हणजे आजच्या भावानं बारा लाखांच्या आसपास. त्या खात्यातून महिन्याला 992 युरो बाहेर सोडतात, ठिबकनं. देठ हिरवा आहे का, हे मात्र कोणी बघत नाही.

कोंडलेल्या पैशांचा हा प्रकार अण्णांना समजावताना घरात सगळेच दमले. (हे अण्णा आणि हे चिरंजीव कोणी एक नव्हेत. चार-पाच घरं एकत्र करून आम्ही हे एक उभं केलंय. ओळखायच्या फंदात पडू नये, प्रत्येक गावात सापडतील.) अण्णा शेवटी म्हणाले, "म्हंजे पैसं आपलं, आन् म्हैन्याच्या म्हैन्याला आपल्यालाच देनार व्हय ते? त्यापरीस आपली सोसायटी बरी की. ती निदान दुसऱ्याचं पैसं देती."

या सगळ्या यातायातीत एकच प्रवासी असा, की ज्याला कधी काही लागलं नाही. तो म्हणजे खुद्द द्राक्षवेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलोक्झेरा नावाचा मुळांवर जगणारा बारीक कीटक फ्रान्समध्ये पोचला, अर्थातच बिनाकागदपत्रांचा. 1860च्या दशकापासून फ्रान्सच्या बागा उभ्या वाळू लागल्या. इलाजही मग अमेरिकेतूनच आणावा लागला. खुंट अमेरिकेचा, कलम फ्रान्सचं. 1887 साली पिएर व्हिआला हे फ्रेंच प्राध्यापक चुनखडीच्या जमिनीत तगणारे खुंट धुंडाळत टेक्सासपर्यंत गेले. तिथे डेनिसन गावचे नर्सरीवाले टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना रानवेलींचा मार्ग दाखवला, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सरकारनं मन्सन यांना मानपदक दिलं. त्याच टेक्सासच्या रानातला डॉगरिज हा खुंट आज तासगावपासून निफाडपर्यंत जमिनीखाली उभा आहे, कारण तो खारं पाणी आणि दुष्काळ दोन्ही सोसतो. त्याच्यावर कलम थॉमसनचं. हा थॉमसन मूळचा तुर्कस्तान-इराणच्या बाजूचा बिनबियांचा सुलताना, नाव मात्र कॅलिफोर्नियातल्या एका शेतकऱ्याचं. आणि त्या थॉमसनच्या एका वेगळ्या निघालेल्या काडीतून तासगाव तालुक्यातच तयार झालेला तास-ए-गणेश.

म्हणजे वेलीचं इंटरनॅशनल मास्टर्स कधीच उरकलं. राहिलेत ते चिरंजीव.

जायचं कशाला, असं गावात विचारलं तर 'उच्च शिक्षण' हे उत्तर मिळतं. घरात हळूच विचारलं तर 'स्थळ' हे मिळतं. बागायतदाराच्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे सांगलीपासून नाशिकपर्यंत आता कोणी नाकारत नाही. मुलीकडच्यांना सातबारा हवा असतो, पण त्या सातबाऱ्यावर उभा राहणारा माणूस नको असतो. मुलगा पुण्यात आयटीत आणि बाग वडील बघतात, हे उत्तम. मुलगा हॅनोव्हरला बागायतशास्त्र शिकतो, हे अतिउत्तम. मुलगा तेच बागायतशास्त्र स्वतःच्या बागेत करतो म्हटलं, की पाहुणे "येतो मग, कळवतो" म्हणून चपला शोधायला लागतात.

तर चिरंजीव राहुरीचे पदवीधर. कृषी विद्यापीठात दहापैकी आठ गुण, म्हणजे चांगलेच. पण जर्मनीत 1 हा सर्वात वरचा गुण, 4 ला काठावर पास आणि 5 म्हणजे नापास. आपल्या गुणांचं त्यांच्या गुणांत रूपांतर करायला एक बव्हेरियन सूत्र आहे. दहाचं माप, पाचाला पास, असं धरून त्या सूत्रात आठ टाकले की बाहेर 2.2 पडतात. ही बातमी अण्णांना कळली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "हितनं आठ टन गेला, तिकडं दोनच भरला? दलाल कोन हाय?"

दलाल होता, पण तो वेगळ्या कामाचा. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीनं चिरंजीवांचं मोटिव्हेशन लेटर लिहून दिलं. अशा पत्रांचा साचा ठरलेला असतो. मी शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून वडिलांचे कष्ट पाहिले, हवामानबदलाचं संकट जवळून अनुभवलं, युरोपातलं शाश्वत तंत्रज्ञान शिकून मायदेशी परतेन आणि दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांची सेवा करेन. दोन पानांत 'सस्टेनेबल' सात वेळा. पत्र वाचून अण्णांचे डोळे पाणावले. दुष्काळी भागातली सेवा त्यांनाच हवी होती, त्यांची दोन एकरांची छाटणी तोंडावर आली होती. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत अठरा महिने राहता येतं, ही ओळ पत्रात नसते. ती कन्सल्टन्सीच्या बाहेरच्या फ्लेक्सवर असते.

जर्मनीच का? कारण फी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजून ती नाही, सत्राला काही शे युरोंची वर्गणी द्यायची की झालं. दक्षिणेकडं मात्र हात आखडायला सुरुवात झालीय. होहेनहाइम विद्यापीठ ज्या राज्यात आहे, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला 2017पासून सत्राला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानंही 2024पासून फी सुरू केली. नेदरलँड्समधलं वाखनिंगन म्हणजे या विषयाची पंढरी खरी, पण तिथली फी ऐकून वारकरी अर्ध्या वाटेतून परततो. हॅनोव्हर त्यातल्या त्यात खिशाला झेपणारं. विद्यापीठाला नाव लाइब्निट्झ या तत्त्वज्ञ-गणितज्ञाचं, आणि बागायतशास्त्राच्या संस्था हेरनहाउझेन भागात, राजघराण्याच्या जुन्या बागेच्या शेजारी.

या बागेची एक गोष्ट खुद्द लाइब्निट्झनं लिहून ठेवलीय. जगात तंतोतंत सारख्या दोन वस्तू नसतात, असं त्याचं म्हणणं. त्यावर राजघराण्यातल्या बाईसाहेबांच्या समोर एक गृहस्थ म्हणाले, मी आत्ता दोन सारखी पानं शोधून आणतो. ते गृहस्थ हेरनहाउझेनची बाग पालथी घालून रिकाम्या हातानं परत आले. आज त्याच परिसरात आमचे चिरंजीव शंभर पानं तोडतात, स्कॅनरवर ठेवतात आणि त्यांची सरासरी काढतात.

इंटरनॅशनल मास्टर्समध्ये नेमकं काय शिकवतात, ही गावात मोठी उत्सुकता होती. काही जणांचा समज होता की पॉलिहाऊस. काहींचा, की रोबोट. खरं उत्तर आहे संख्याशास्त्र. दोन वर्षांचे 120 क्रेडिट, एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचा अभ्यास, त्यातले 30 क्रेडिट प्रबंधाचे. या सगळ्या तासांत कात्री हातात येते थोडी आणि लॅपटॉप मांडीवर असतो फार. 'आर' नावाची संगणकभाषा आल्याशिवाय तिथे पानही हलत नाही, निदान त्या हलण्याचा आलेख तरी निघत नाही. पहिल्या सत्रात अण्णांनी फोनवर विचारलं, "काय रं, काय शिकवत्यात तिकडं?" चिरंजीव म्हणाले, "अण्णा, आर." अण्णांनी फोन कानापासून लांब धरला आणि आईला म्हणाले, "आवाज तुटतुया."

वर्गाची पटसंख्या पाहण्यासारखी असते. एक केनियाचा, एक इथिओपियाची, एक कोलंबियाची, दोघे व्हिएतनामचे, एक इराणी, एक आपला. आता गंमत बघा. केनिया आणि इथिओपियाचे गुलाब युरोपच्या फुलदाण्यांत. कोलंबियाचे कार्नेशन जगाच्या बाजारात. आपली द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात आणि तिथून थेट जर्मनीच्या सुपरमार्केटात. म्हणजे युरोपला फळं-फुलं पुरवणारे देश त्या वर्गात बाकावर बसलेत आणि विकत घेणारा देश फळ्याजवळ उभा आहे. माल आपला जातो, मोजपट्टी त्यांची येते. आणि ती मोजपट्टी कशी धरायची, हे शिकायला आपण बारा लाख कोंडून ठेवतो.

मोजपट्टीचं महत्त्व आम्हाला माहीत नाही असं कोणी समजू नये. 2010 साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि युरोपात गेलेले कंटेनर अडकले. बागायतदार आडवे झाले. वेलीची फाजील वाढ रोखायला हे औषध इथे सर्रास वापरत, लिहोसीन नावानं मिळायचं, आणि ते विकणारी कंपनी मूळची जर्मन. आता हेच रसायन युरोपातले शेतकरी गव्हावर मारतात, काडी आखूड राहावी आणि पीक लोळू नये म्हणून. त्यामुळे गव्हातल्या अंशाची त्यांची मर्यादा द्राक्षातल्या मर्यादेच्या कित्येक पट. पावात चालतं, घडात चालत नाही. हे वर्गात कळलं तेव्हा चिरंजीवांनी हात वर केला. प्राध्यापक म्हणाले, मर्यादा ही त्या पिकातल्या मान्य वापरावर ठरते, द्राक्षावर आमच्याकडे तो वापर नाही. शास्त्र म्हणून उत्तर बिनतोड आहे. ज्याचं पीक ज्या वापराचं, त्याची मर्यादा त्या मापाची. आणि युरोपच्या पिकांना काय लागतं, हे युरोपला चांगलं ठाऊक असतं.

दुसरा नमुना डॉरमेक्सचा. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपल्याकडे काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. हे डॉरमेक्स बनतं बव्हेरियातल्या ट्रोस्टबर्ग गावी. युरोपीय संघानं त्याच्या वापराला 2008 साली मान्यता नाकारली, बनवायला आणि बाहेर पाठवायला हरकत नव्हती. चिरंजीव ज्या देशात अवशेषमुक्त शेती शिकतात, त्याच देशातून अण्णांचं पेस्टिंग येतं. बापलेकांचा परदेशी संबंध असा दुहेरी आहे.

आंब्याचंही विसरायला नको. 1 मे 2014 रोजी फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली, ऐन हापूसच्या हंगामात, आणि ती उठली 2015च्या जानेवारीत, जेव्हा झाडावर मोहोर सोडून काही नसतं. त्याच यादीत वांगं, कारलं, अळू आणि पडवळ हेही होते. पडवळावरच्या बंदीबद्दल मराठी घरांतल्या लहान मुलांनी युरोपीय संघाचे आभार मानल्याचं मात्र कुठे छापून आलं नाही.

तर वर्गाकडं वळू. दुसऱ्या सत्रात आला झोपेचा धडा. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात साधारण सात अंशांच्या खाली शेकडो तास काढावे लागतात, काही जातींना हजारभर. तेवढी थंडी मोजून भरली की मगच त्याचा डोळा वसंतात फुटतो. हवामान तापतंय, थंडीचे तास कमी पडतायत, म्हणून युरोपभर त्याची चिंता. ते तास मोजायला 'चिलआर' नावाची आज्ञावलीच आहे. गृहपाठ होता की प्रत्येकानं आपल्या गावचं तापमान घालून थंडीचे तास काढावेत. चिरंजीवांनी तासगाव घातलं. जवळजवळ भोपळा आला. प्राध्यापकांना वाटलं, आकडे भरताना चूक झाली.

"मग तुमची वेल झोपते कधी?"

"झोपतच नाही, सर. आम्ही तिला वर्षातून दोनदा छाटतो."

इथे वर्ग पहिल्यांदा जागा झाला. युरोपातल्या वेलीची पानं शरदात गळतात, ती हिवाळाभर निपचित असते, एकदा छाटणी, एकदा पीक. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी करून वेल ओलांड्यापर्यंत बोडकी करायची. ऐन उन्हाळ्यात नव्या काड्या वाढवायच्या, त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या पिकाचा सूक्ष्म घड तयार होतो आहे की नाही याची काळजी त्या चाळीस-साठ दिवसांत करायची, पावसाळ्यात काडी पिकवायची, आणि ऑक्टोबरात फळछाटणी घेऊन पीक धरायचं. मध्ये अवकाळी आला तर डाऊनी, धुकं पडलं तर भुरी. फुलोऱ्यात पाऊस झाला तर घडांची कुज आणि सोसायटीची नोटीस एकाच आठवड्यात. हे सगळं अण्णांना तोंडपाठ आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात 1997पासून त्यावर कामही चालू आहे. पण चिरंजीवांना त्या सत्राला जी जाड पुस्तकं वाचायला दिली, त्यांत न झोपणाऱ्या वेलीला जेमतेम अर्धं पान होतं. जी वेल झोपते ती शास्त्रात, जी झोपत नाही ती अपवादात. प्राध्यापक भले होते. म्हणाले, "फार रंजक आहे, यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा."

कोणीतरी म्हणजे कोण, हे उघड होतं. पण प्रबंधाला प्रकल्प लागतो, प्रकल्पाला पैसा लागतो, आणि पैसा सफरचंदाला होता. म्हणून तासगावच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलानं प्रबंध लिहिला सफरचंदावर.

त्यासाठी तो आल्टेस लांडला गेला. हॅम्बुर्गजवळ एल्बे नदीच्या काठचा हा भाग, हजारो हेक्टर नुसती फळझाडं. तिथे वसंतात मोहोरावर दहिवर गोठायची भीती असते, तेव्हा शेतकरी रात्रभर झाडांवर पाणी शिंपडतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या कवचात फूल शून्य अंशाच्या आसपास सुरक्षित राहतं. पहाटे बर्फानं मढलेल्या मोहोराचा व्हिडिओ चिरंजीवांनी घरी पाठवला. अण्णांनी तीनदा पाहिला. निफाडचा पारा तीन-चारावर उतरतो तेव्हा तिकडचे बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सोडतात, हे ते पाहून आले होते. त्यांनी उलट निरोप पाठवला, "पानी किती एचपीच्या मोटरीनं मारत्यात? आन् रात्री लाईट असती का?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही जर्नलमध्ये नव्हतं. रात्रीची लाईट हा तिथे संशोधनाचा विषयच नाही.

शास्त्राच्या वहीत काय चुकतं आणि कसं सुधारतं, याचा एक मासला चिरंजीवांना जर्मनीतच मिळाला, आणि तो मला स्वतःला फार आवडतो. ऱ्हाइनकाठच्या गाइझेनहाइम संस्थेत 1882 साली हेर्मान म्युलर या स्विस शास्त्रज्ञानं द्राक्षाचा एक संकर केला. तो म्युलर-थुरगाऊ या नावानं जर्मनीभर लागला. आईबाप म्हणून वहीत रीसलिंग आणि सिल्व्हानर. शंभर वर्षांनंतर डीएनए तपासला तर बाप भलताच, मादलेन रोयाल. आता आपल्याकडे बघा. लखनौ-49 हा पेरू, ज्याला आपण सरदार म्हणतो, तो जन्मला पुण्याच्या गणेशखिंडीत, 1927 साली, डॉ. चीमांच्या हाती, लखनौहून आणलेल्या बियांतून. जन्माच्या दाखल्यात घोळ दोन्हीकडे. फरक असा, की त्यांच्याकडे निदान वही होती, म्हणून चूक सापडली.

आणि वहीचा विषय निघालाच आहे तर आपलं झाकून ठेवण्यात अर्थ नाही. निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंदवही सक्तीची असते. अण्णांचीही आहे. सहा महिन्यांच्या फवारण्या, तारीख, औषध, मात्रा, सगळं. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच बसणीत, एकाच निळ्या पेननं, एकाच हस्ताक्षरात लिहिलेलं. अण्णांच्या डोक्यात प्रत्येक फवारणी अचूक आहे, वहीत ती सोयीची आहे. चिरंजीव हॅनोव्हरात नेमकी एकच गोष्ट शिकले असतील तर ती ही, की नोंद त्याच दिवशी करायची, आलेलं उत्तर आवडलं नाही तरी. दोन वर्षांची फी एवढ्यानं वसूल होते असं माझं मत आहे, कारण फी नव्हतीच.

मधल्या उन्हाळ्यात चिरंजीवांनी काम धरलं. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं. काम कसलं, तर श्पार्गेल कापायचं. श्पार्गेल म्हणजे पांढरा ॲस्परॅगस, आपल्या शतावरीच्या कुळातला. मातीचा उंच वरंबा घालून कोंब उजेडापासून लपवायचा, तो जरा वर डोकावला की बोटांनी माती उकरून लांब सुरीनं आतच कापायचा. पहाटेपासून कमरेत वाकून. या कोंबाचं जर्मनांना एवढं कौतुक की नीनबुर्गला त्याचं संग्रहालय आहे. हंगाम 24 जूनला, संत योहानच्या दिवशी, संपतो. कामाला माणसं येतात पोलंड-रोमानियातून. 2020च्या एप्रिलात, सगळ्या जगाचे दरवाजे बंद असताना, जर्मनीनं रोमानियाहून खास विमानं भरून मजूर आणले होते. श्पार्गेल वाट बघत नाही.

किमान वेतन 2025 साली तासाला 12.82 युरो. अण्णांनी कागदावर हिशेब केला. आठ तासांचे जवळजवळ दहा हजार रुपये रोज. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, "हितं छाटनीला कात्री धर म्हटलं की टोळी सांगा म्हनायचास. तिकडं वाकून मुळं उकरतुयास."

"अण्णा, ती इंटर्नशिप आहे."

वरंब्याजवळचा फोटो, डोक्यावर टोपी, हातात तीन पांढरे कोंब, हे चिरंजीवांनी स्टेटसला ठेवलं. 'जर्मनीतील आधुनिक शेती' अशी ओळ. मामेबहिणीनं सहा टाळ्या दिल्या. तीन स्थळं आली. त्यातल्या एका मुलीच्या वडिलांनी फोटो पाहून विचारलं, "मुलगा सायंटिस्ट ना?" तोच फोटो तासगावच्या बांधावर, हातात कात्री घेऊन काढलेला असता, तर तेच गृहस्थ म्हणाले असते, "शेतीच करतो का?"

परत न येणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. अवकाळीच्या एका रात्रीत वर्षाचं कर्ज बुडताना ज्यानं पाहिलंय, त्यानं अठरा महिन्यांचा परवाना फाडून टाकावा असं सांगायला माझ्याकडे नैतिक बळ नाही, आणि बागही नाही. काही जण बियाणं कंपन्यांत जातात, काही पीएच.डी.ला चिकटतात, काही खरोखर परत येऊन रोपवाटिका काढतात आणि उत्तम चालवतात. आमचे चिरंजीव मधल्या मार्गानं आले. एका युरोपीय कंपनीचे 'क्रॉप सोल्यूशन्स मॅनेजर, पश्चिम भारत' म्हणून. मुक्काम पुणे, गाडी कंपनीची, लग्न ठरलेलं.

पहिला कार्यक्रम तासगावातच. मंगल कार्यालयात प्रोजेक्टर, दारात फ्लेक्स, फ्लेक्सवर चिरंजीव. शेतकऱ्यांना टोपी आणि पेन, शेवटी लकी ड्रॉ, पहिलं बक्षीस बॅटरीचा फवारणी पंप. पहिली स्लाइड हॅनोव्हरची. दुसरी बर्फातल्या सफरचंदाची. सातव्या स्लाइडवर कंपनीचं जैव उत्तेजक, समुद्री शेवाळाच्या अर्काचं, काडी पक्व करणारं, लिटरला साडेअठराशे. चाचण्यांचे आलेख उत्कृष्ट होते, खाली ताऱ्यांच्या खुणा, प्रत्येक सरासरीला. चाचण्या घेतल्या होत्या स्पेनमध्ये.

प्रश्नोत्तरांत पुढच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. कंपनीचीच टोपी घातलेली.

"सायेब, डॉगरिजवरची काडी, बोअरचं पानी खारट, वेल झोपत न्हाई. हे औषध मारलं तर काडी किती दिवसानं पिकती? स्पेनची वेल झोपती का न्हाई, तेवढं बी सांगा."

चिरंजीवांनी माईक सारखा केला. "व्हेरी गुड क्वेश्चन, सर."

सभागृहात हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "सर कुणाला म्हनतोस, बाप हाय तुजा!" चिरंजीव कानापर्यंत लाल झाले, पण नियम नियम असतो. त्यांनी प्रश्न त्याच दिवशी, त्याच वेळी, तारखेसह लिहून घेतला आणि हेड ऑफिसला कळवतो म्हणाले. हेड ऑफिस युरोपात आहे. लकी ड्रॉत पंप अण्णांना लागला, पण नातेवाईक असल्यामुळे तो नियमानुसार दुसऱ्याला देण्यात आला.